नाव घाला, नाव वगळा

आमच्या भागात लग्नपत्रिका हातात पडली की माणूस मुहूर्त बघत नाही. आधी स्वतःचं नाव शोधतो. ते सापडलं की आपल्या वर कुणाला घातलंय आणि आपल्या खाली कोण बसलंय ते तपासतो, आणि एवढं सगळं मनासारखं निघालं तरच लग्न कधी आणि कुठल्या मंगल कार्यालयात आहे याची चौकशी करतो. निमंत्रक, विनीत, स्वागतोत्सुक, कार्यवाहक, प्रेषक, विशेष उपस्थिती, आणि सगळ्यात खाली 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणणारी, अजून बोलताही न येणारी बाळं. ख्रिस्ती घरची पत्रिका असो, बौद्ध घरची असो नाहीतर आणखी कुणाची असो, वरचं चित्र आणि पहिल्या दोन ओळी तेवढ्या बदलतात, खालची नावं सगळीकडे सारखीच भरगच्च. नवरा-नवरी कुठे आहेत ते शोधायला कधीकधी मलाच वेळ लागतो, आणि पत्रिका मीच जुळवते.

शेवगावात आमचा छापखाना आहे. आमचा म्हणजे सासऱ्यांचा. त्यांना मी तात्या म्हणते, गिऱ्हाइकंही तात्याच म्हणतात. मी माहेरची कोल्हारची. कंप्युटरची पदवी घेऊन या घरात आले, काही वर्षं एका क्लासमध्ये शिकवलं आणि तो बंद पडल्यावर घरच्याच काउंटरवर बसायला लागले. नवरा मागच्या खोलीत मशीन सांभाळतो. मशीनच्या आवाजात त्याला घरातलं कुठलंच भांडण ऐकू येत नाही, निदान तो तसं सांगतो.

मी आले तेव्हा तात्यांचा सगळा कारभार चिठ्ठ्यांवर चालायचा. गिऱ्हाईक नावं सांगायचं, तात्या मिळेल त्या कपट्यावर उतरवून घ्यायचे. संध्याकाळी फोन यायचा की धाकट्या मामांचं नाव राहिलं, ते दुसऱ्या कपट्यावर जायचं. मग पंखा लागला की एखादा कपटा उडून भलत्याच लग्नात जाऊन पडायचा. एकदा अशा उडालेल्या चिठ्ठीमुळे एका घरच्या पत्रिकेत अजिबात ओळख नसलेल्या गावचे जावई 'विनीत' म्हणून छापले गेले. त्यांनीही कुठूनतरी पत्रिका मिळवली, लग्नाला गेले, आहेर घेतला आणि जेवून आले. तात्या ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मला मात्र ती ऐकून घाम फुटला होता.

म्हणून मी डेटाबेस बांधला. एक मोठा फॉर्म, तो लग्नाचा: नवरा, नवरी, तारीख, कार्यालय. त्या मोठ्या फॉर्मच्या पोटात एक छोटा फॉर्म, तो नावांचा: कोण, नवरीचा किंवा नवऱ्याचा कोण लागतो, आणि पत्रिकेत कुठल्या गटात बसवायचा. आणि तात्यांसाठी दोन ठळक बटणं, 'नाव घाला' आणि 'नाव वगळा'. यापेक्षा सोपं काही असू शकत नाही असं मला वाटत होतं. मी क्लासमध्ये शिकवलेली बाई, मला तसं वाटणारच.

पहिल्याच आठवड्यात तात्यांनी एक लग्न मोडलं.

झालं असं, की एका घरच्या पत्रिकेत 'विशेष उपस्थिती'मध्ये एक पुढारी होते आणि पत्रिका छापायच्या आत त्यांचं आणि त्या घराचं फाटलं. फोन आला, वगळा. तात्यांनी चष्मा लावला, पुढाऱ्याच्या नावावर बाण नेला, 'नाव वगळा' दाबलं. कंप्युटरने इंग्रजीत काहीतरी विचारलं. तात्या इंग्रजी प्रश्नाला नेहमी होच म्हणतात, त्यांच्या मते तेच सभ्यपणाचं आहे. मी आतून आले तर ते पडद्याकडे बघत हात मांडीवर ठेवून बसले होते.

"पोरी," ते म्हणाले, "पुढारी गेला. पन संगं वऱ्हाड बी गेलं."

नवरा, नवरी, दोन्हीकडचे मामा, किलबिल करणारी बाळं, काहीच शिल्लक नव्हतं. मी आधी तात्यांवर मनातल्या मनात चिडले आणि मग माझ्या लक्षात आलं की बटणच चुकीच्या जागी बसलंय. ते मोठ्या फॉर्मवर होतं. मोठ्या फॉर्मवरचं बटण दाबलं की कंप्युटरचं लक्ष छोट्या फॉर्मवरून उडतं आणि मोठ्याकडे जातं. 'वगळा' म्हणजे पुढाऱ्याला वगळा असं तात्या सांगत होते, आणि कंप्युटर ऐकत होता की लग्नच वगळा. लग्न गेलं म्हटल्यावर त्याच्या पोटातली नावंही गेली. मी दोन्ही बटणं उचलून छोट्या फॉर्मच्या तळाशी बसवली. तर ती दिसेनातच. तो फॉर्म मी तक्त्यासारखा ठेवला होता, आणि तक्त्यात तळाची बटणं दिसत नसतात, हे शोधण्यात माझा अर्धा दिवस आणि दुपारची झोप गेली. शेवटी सगळं जागेवर आलं. वर मी मराठीत प्रश्न घातला, 'हे एकच नाव वगळायचे आहे का?' तात्या म्हणाले, असं आधी विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं का.

मग 'नाव घाला' रुसलं.

त्याची तऱ्हा वेगळी होती. नियम असा, की आधी लग्नाची नोंद व्हायला हवी, मग त्या लग्नाला नावं चिकटतात. कुठलंही पुस्तक उघडा, हेच सांगेल. पण पुस्तक लिहिणाऱ्याला आमचं गिऱ्हाईक कधी भेटलं नसावं. आमच्याकडे माणूस स्टुलावर बसला की पहिलं नाव आजोबांचं सांगतो, मग चुलत्यांचं, मग मामांचं, मग सोसायटीच्या चेअरमनचं, आणि चहा आल्यावर आठवण करून दिली की मग नवरा-नवरीचं. त्याच क्रमाने तात्या घालत जायचे. त्यामुळे लग्न लागायच्या आत वऱ्हाड जमा व्हायचं, आणि ती सगळी मंडळी कुठल्याच लग्नाची नसल्यामुळे फॉर्म बदलला की दिसेनाशी व्हायची. खाली, सगळ्या नोंदी साठतात त्या तक्त्यात बघितलं तर भलंमोठं वऱ्हाड नुसतंच ताटकळत उभं होतं.

मी बंदोबस्त केला. नवरा-नवरीची नावं भरून लग्नाची नोंद होत नाही तोवर 'नाव घाला' हे बटण फिकट राहील, दाबता येणार नाही. तात्यांनी ते जोर लावून दाबून बघितलं. मग म्हणाले, बटन मेलंय. मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि त्याच दिवशी त्यावर तोड काढली. गिऱ्हाईक आलं की नवऱ्याच्या जागी 'नवरा' आणि नवरीच्या जागी 'नवरी' असं टाइप करायचं, बटण जागं करायचं, आणि खरी नावं सवडीने भरायची. एक पत्रिका 'चि. नवरा आणि चि. सौ. कां. नवरी यांचा शुभविवाह' अशी मशीनवर चढता चढता राहिली. ती मात्र मागच्या खोलीतून नवऱ्याने ओरडून थांबवली. म्हणजे वाचायला आणि बोलायला त्याला येतं.

एवढं सगळं निस्तरल्यावर मला वाटलं, आता माझ्या बटणांना कुणी नावं ठेवणार नाही. तेवढ्यात तिसगावच्या बाजूचं लग्न आलं.

पहिल्यांदा आली ती नवरीची आई. यादी मुलीच्या हातची होती, ठसठशीत अक्षर, गट पाडून लिहिलेली. पहिलंच नाव निमंत्रकाचं, मुलीच्या थोरल्या चुलत्याचं. बाईंनी ते मी भरेपर्यंत वाट बघितली, मग वाकून पडद्याकडे बघितलं.

"बसलं का नीट?"

"बसलं."

"मंग आता हलवू नका त्याला," असं म्हणून त्या एसटी गाठायला घाईने गेल्या.

मला त्या बोलण्यात काही विशेष वाटलं नाही. तात्यांना वाटलं. तालुक्यातल्या आणि आसपासच्या सगळ्या रुसव्याफुगव्यांची त्यांना खडान्खडा माहिती असते. त्यांनी सांगितलं, नवरीचा बाप आणि हा थोरला चुलता, हे दोघे भाऊ एकाच वस्तीवर राहतात, अंगणाला अंगण लागून, आणि एकमेकांशी बोलत नाहीत. थोरल्याच्या मुलाच्या लग्नात मानाचे फेटे बांधत होते. माइकवाल्याने आधी सोसायटीच्या चेअरमनचं नाव पुकारलं आणि मग नवरदेवाच्या सख्ख्या चुलत्याचं, म्हणजे या धाकट्याचं. धाकट्याने फेटा बांधून घेतला, बांधून झाल्यावर डोक्यावरून उचलला, स्पीकरच्या खोक्यावर ठेवला आणि जेवण न करता घरी गेला. तेव्हापासून अबोला. आता धाकट्याच्या मुलीचं लग्न होतं आणि यादी मायलेकींनी मिळून केली होती.

"धाकट्याला ठावं हाय का हे पयलं नाव?" मी तात्यांच्याच भाषेत विचारलं.

"नमुना गेल्यावर कळंलच की," तात्या म्हणाले.

नमुना मी मोबाईलवर पाठवला आणि पाचच मिनिटांत फोन आला. नवरीचा बाप होता.

"म्याडम, पयलं नाव वगळा."

"निमंत्रक? मुलीचे चुलते ना?"

"पयलं नाव म्हनतोय मी. वरचं."

मी वगळलं. बाण, बटण, प्रश्न, हो. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा नमुना न बघताच पाठवून दिला, कारण माझा माझ्या बटणावर विश्वास होता. पुन्हा फोन.

"म्याडम, त्यो खाली जाऊन बसलाय."

खरंच. निमंत्रकांच्या यादीत सगळ्यात शेवटी, चेअरमनच्याही खाली, थोरला चुलता. मी माफी मागितली आणि पुन्हा वगळलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी तो माणूस मोटारसायकलवर स्वतः आला. उंच, उन्हाने रापलेला, खिशाला दोन पेनं. मी त्याच्या डोळ्यांदेखत नाव वगळलं. गेलं ना, म्हणून त्याला वाकून बघायला लावलं. गेलं, तो म्हणाला. बाजारात त्याचं काहीतरी काम होतं, ते करून तासाभराने नमुना घ्यायला परत आला. मी कागद छापून हातात दिला. थोरला होता.

त्याने कागद काउंटरवर ठेवला. चिडला नाही, ते जास्त लागलं मला. "तुमच्या कंप्युटरला त्याचा लळा लागलाय का?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं ज्या गोष्टी पोरांना शिकवल्या त्या सगळ्या मी त्या दुपारी स्वतःवर करून बघितल्या. छोट्या फॉर्मला नोंदी वगळायची परवानगी दिलीय का? दिलीय. त्याच्यामागे दोन तक्ते असे जोडलेत का, की वगळायचं कुठून हेच त्याला कळू नये? नाही. मागच्या खोलीतल्या कंप्युटरवर दुसरी प्रत उघडी राहिलीय आणि ती जुनं परत आणून टाकतेय? नवऱ्याला विचारलं, त्याला ऐकू गेलं नाही, जाऊन बघितलं, तीही नाही. बटणामागचं सगळं मी ओळ न ओळ वाचलं. काही चूक नव्हती. चूक सापडली असती तर मी इतकी चिडले नसते.

मग सहज खालचा तक्ता उघडला. तिथे प्रत्येक नावाला एक क्रमांक आपोआप मिळतो आणि एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा कधी येत नाही. थोरल्या चुलत्याचा क्रमांक सगळ्यात शेवटचा होता, त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या लग्नाच्या नावांच्याही नंतरचा. म्हणजे गेलेलं नाव परत आलंच नव्हतं. वगळण्यात बिघाड नव्हताच. कुणीतरी ते प्रत्येक वेळी नव्याने घालत होतं.

आमच्या घरात कुणीतरी म्हणजे कोण, हे शोधायला पदवी लागत नाही. मी नाव पुन्हा वगळलं, चहा टाकते असं मोठ्याने म्हणून आत गेले आणि दाराआड उभी राहिले. तात्यांनी मान वळवून बघितलं, चष्मा लावला, 'नाव घाला' दाबलं आणि एका बोटाने, ओठ हलवत, थोरल्याचं नाव टाइप करायला लागले. पुढच्या रकान्यात 'मुलीचे चुलते' असंही न विसरता भरलं.

"तात्या, हे काय चाललंय?"

ते दचकले नाहीत. "नाव राहिलं हुतं."

"राहिलं नव्हतं. मी वगळलं होतं."

"कुनाच्या सांगन्यावरनं?"

"मुलीच्या बापाच्या."

"त्याला न्हाई त्यो अधिकार," तात्या म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले.

मग मला या छापखान्याचा एक नियम कळला, जो इतक्या वर्षांत मला कुणी सांगितला नव्हता. नाव घालायला घरातल्या कुणीही सांगावं. वगळायला मात्र घरातल्या थोरल्या माणसाने स्वतः यावं. पुढारी, चेअरमन असल्या बाहेरच्यांना हा नियम नाही, घरच्यांना आहे. मला वाटलं यामागे काही मोठा विचार असेल. तसं काही नव्हतं.

"अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे तवा," तात्या म्हणाले. "एक नाव काढलं की खालच्या साऱ्या वळी सरकवाव्या लागायच्या. आनि लोक रोज भांडायचे, रोज येऊन काढा, घाला, काढा. मंग मी म्हनलं, थोरल्याला घेऊन या. निम्मी मानसं वाटंतूनच माघारी जायची."

"म्हणजे कामाचा कंटाळा म्हणून."

"व्हय. कंटाळ्यानंच."

"पण आता खिळे नाहीत. आता नुसतं बटण दाबायचं असतं."

"म्हनून तर," तात्या म्हणाले. "आता लईच सोपं झालंय."

मी म्हटलं, या घरातला थोरला म्हणजे ज्याचं नाव वगळायचंय तोच आहे. तात्या म्हणाले, मग त्याला येऊ दे. मी म्हटलं, तो कशाला येईल? तात्या म्हणाले, मग नाव राहू दे. मला इतका राग आला की मी 'नाव घाला' या बटणाला पासवर्ड लावला. तात्या हाताची घडी घालून बसले. पुढचं गिऱ्हाईक मोठ्या गोतावळ्याचं होतं, आणि तात्या प्रत्येक मामाला आणि प्रत्येक मावशीला मला स्वयंपाकघरातून हाक मारायला लागले. संध्याकाळपर्यंत मी पासवर्ड काढून टाकला.

नवरीच्या बापाचा फोन आला तेव्हा तात्यांनीच घेतला.

"तुज्या घरात थोरलं मानूस कोन?" त्यांनी विचारलं. पलीकडून 'त्योच की' एवढं ऐकू आलं. "मंग त्याला लावून दे. त्यो म्हनला की वगळतो."

"आमी बोलत न्हाई, तात्या."

"बोलू नगंस. लावून दे."

त्याने नगरला जाऊन छापतो असं सांगून फोन ठेवला. मी तात्यांना स्पष्ट म्हटलं की तुमच्या हट्टापायी गिऱ्हाईक गेलं. पण खरं सांगायचं तर गिऱ्हाईक गेल्याचं मला फार वाटत नव्हतं. मला त्या ठसठशीत अक्षरातल्या मुलीचं वाटत होतं. पत्रिकेत नाव नाही म्हणजे बोलावणं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. थोरल्याचं नाव गेलं की तो अंगण ओलांडून पुतणीच्या मांडवात येणार नाही, आणि त्यानंतर पुन्हा कधीच येणार नाही. आणि नगरच्या छापखान्यात तात्या नव्हते. तिथे पहिल्याच फोनला नाव गेलं असतं.

दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी एक माणूस दारात गाडी लावून आत आला. धाकट्यासारखाच उंच, फक्त केस पांढरे. वस्तीवर निरोप बायकांच्या तोंडून एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेला होता, आणि जाता जाता त्याला चांगली फोडणी बसली होती.

"माझं नाव काढायला मीच पायजे म्हनं," तो म्हणाला. "हा आलोय. काढा. मला कुनाच्या पत्रिकेत फुकट बसायची हौस न्हाई."

"बसा, पाव्हनं," तात्या म्हणाले.

"बसायला आलो न्हाई."

तात्यांनी मला खूण केली. मी छोटा फॉर्म उघडला, त्याचं नाव निवडून बाण 'नाव वगळा'वर नेला आणि माऊस त्याच्यापुढे सरकवला. माऊस त्याने कधी धरला नसावा, तो सगळ्या पंजाने दाबला. प्रश्न आला, मी वाचून दाखवला, 'हे एकच नाव वगळायचे आहे का?' व्हय म्हना, तो म्हणाला. मी म्हटलं. नाव गेलं. मी तात्यांकडे बघितलं. त्यांनी बटणाला हात लावला नाही. नियमाप्रमाणे सगळं झालं होतं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उठून नमुना छापायला लावला.

थोरल्याने कागद हातात घेतला, लांब धरला, मग तात्यांचा चष्मा मागून घेतला. वाचता वाचता थांबला.

"हे रिकामं काय हाय?"

मी वाकून बघितलं. पत्रिकेची मधली ओळ, जिथे नवरीची ओळख असते, ती अशी छापली होती: सुरुवातीला कोरी जागा, मग 'यांची पुतणी', आणि पुढे बापाचं नाव आणि 'यांची कन्या'. ती ओळ मी फॉर्मला नावांतून आपोआप उचलायला शिकवली होती. नाव गेलं, पण नातं फॉर्मने तसंच ठेवलं होतं. आजपर्यंत थोरल्याचं नाव नसलेला नमुना छापलाच गेला नव्हता, तात्यांच्या कृपेने, त्यामुळे ही गफलत मला कधी दिसली नव्हती.

"तिथं तुमचं नाव यायचं," मी म्हटलं. "आता ते 'यांची पुतणी'सुद्धा काढून टाकते. त्याला बटण नाही, हाताने पुसावं लागेल."

तो त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिला. मागचं मशीन थांबलेलं होतं, म्हणजे नवऱ्यालाही ऐकू येत असणार.

"ते कशापायी पुसता?" तो म्हणाला. "पुतनी हाय ना ती."

"मग त्या कोऱ्या जागेत कुणाचं नाव घालू?"

त्याने चष्मा काढून तात्यांना परत दिला, स्टूल ओढलं आणि बसला. मग खाली बघत म्हणाला, "घाला."

मी 'नाव घाला' दाबलं. घातल्यावर लक्षात आलं की नवं नाव नेहमी तळाला जातं. निमंत्रकांच्या यादीत सगळ्यात शेवटी, चेअरमनच्या खाली. मी घाईने म्हटलं, थांबा, हे वर घ्यायचं काहीतरी करते. त्याने पडद्यावर आपलं नाव शोधलं, वरचं चेअरमनचं वाचलं आणि हात हलवून मला थांबवलं.

"राहू द्या खाली. पोरगी त्याची हाय. वरती त्याचं असू द्या."

चहा घेऊन तो गेला. मी नमुना धाकट्याला पाठवून दिला, काहीही न लिहिता. नगरचं म्हणणं त्याने अजून खरं केलं नव्हतं, हे मला त्याच्या बायकोकडून कळलं होतं. तासभर फोन आला नाही. मग तोच आला, मोटारसायकलवर, आल्या आल्या मोबाईल काउंटरवर ठेवून म्हणाला, "हे तुमचं बटन पुन्यांदा बिघडलंय."

"नाही बिघडलं. ते स्वतः येऊन गेले. त्यांनीच घालायला सांगितलं."

"ते कळलं मला. पन हे असं तळाला? चेअरमनच्या खाली?"

"तेही तेच म्हणाले. वर तुमचं असू द्या म्हणाले."

थोरला उठून गेला होता त्याच स्टुलावर तो बसला. खिशातलं एक पेन काढलं, परत ठेवलं. तात्या पेपर वाचत असल्यासारखे बसले होते आणि पान उलटायचं विसरले होते.

"वर घ्या, म्याडम," तो शेवटी म्हणाला. "त्याला इचारू नका."

माझ्या फॉर्मवर नाव वर घ्यायचं बटण नव्हतं. घालायचं होतं, वगळायचं होतं, पण खालच्याला वर न्यायचं मला कधी सुचलंच नव्हतं. एकच मार्ग होता. निमंत्रकांची सगळी नावं मी वगळली, त्याचंही, चेअरमनचंही, छोटा फॉर्म पार कोरा केला आणि त्याला म्हटलं, पहिल्यापासून सांगा. इतके दिवस तो 'पयलं नाव', 'वरचं', 'त्यो' असंच म्हणत आला होता. त्याने घसा साफ केला, सरळ बसला आणि भावाचं नाव सांगितलं, आधी श्रीयुत लावून, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मला लिहायला वेळ मिळावा म्हणून हळूहळू.